गुंता कुणाच्या गळ्यात? किचकट प्रश्न, सरकारी निर्णय आणि आपण

बोरू (धागाकर्ता)

मंडळी, मागच्या आठवड्यात एका वयस्कर नातेवाइकांचा भत्त्याचा अर्ज भरायला बसलो होतो. पानं चार, रकाने बावीस. सोळापर्यंत गाडी बरी चालली. सतराव्यात लिहिलं होतं, 'यापूर्वीच्या नोंदवहीतील अनुक्रमांक, असल्यास'. कुठली नोंदवही? आणि नसल्यास मोकळं सोडायचं की रेघ मारायची? मी मोकळं सोडलं. अर्ज परत आला, वर शेरा: 'अपूर्ण'.

अर्जाचं रडगाणं गायला हा धागा काढलेला नाही, ते सगळ्यांच्याच घरी असतं. पण त्या रकान्यापाशी अडून बसलो असताना जे डोक्यात आलं ते मांडतो.

'किचकट' आणि 'गुंतागुंतीचं' हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. विमानाचं इंजिन किचकट असतं. हजारो सुटे भाग, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं. जाणकार माणूस ते उघडून पुन्हा जसंच्या तसं जोडून देईल. शहरातली वाहतूक गुंतागुंतीची असते. तिथले 'भाग' म्हणजे माणसं, आणि तुम्ही काय करताय ते बघून ती आपली वागणूक बदलतात. रस्ता रुंद केलात की एरवी घरी बसणारेही गाडी काढतात.

वॉरन वीव्हर या गणितज्ञाने १९४८ मध्येच याची तीन ढिगांत विभागणी केली होती. पहिला ढीग दोन-चार चलांच्या (म्हणजे बदलत्या राशींच्या) सोप्या प्रश्नांचा. दुसरा, वायूतल्या असंख्य रेणूंसारखा, जिथे एकेकाचं बघावं लागत नाही, सरासरीने काम भागतं. तिसरा मधला: घटक बरेच, एकमेकांत अडकलेले, आणि सरासरी काढली तर नेमकं महत्त्वाचं तेच हरवतं. सरकारच्या टेबलावर येणारे बहुतेक प्रश्न या मधल्या ढिगातले असतात, आणि सरकारं त्यांना इंजिनासारखी पाना घेऊन भिडतात. अपवाद दिसला की नियम, नियमातून कुणी निसटला की पोटनियम, पोटनियमाला स्पष्टीकरण, स्पष्टीकरणाला परिशिष्ट.

बँकांवरच्या नियमांचं बघा. महामंदीनंतर अमेरिकेने १९३३ साली ग्लास-स्टीगल कायदा केला, तो ३७ पानांचा होता. २००८ च्या संकटानंतर डॉड-फ्रँक कायदा आला २०१० मध्ये, तो ८४८ पानांचा, आणि त्याखालचे नियम वेगळेच. ही पानं बँक ऑफ इंग्लंडच्या अँड्र्यू हॉल्डेन यांनी २०१२ च्या एका भाषणात मोजून दाखवली होती. संकट गुंतागुंतीचं म्हणून नियमही तसेच, हे तर्कशास्त्र मला काही पटलेलं नाही.

लॅरी टेस्लर नावाचे एक संगणकतज्ज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं, की कुठल्याही कामात ठरावीक गुंतागुंत असतेच, ती शून्यावर येत नाही. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सोसायची की वापरणाऱ्याने, एवढाच काय तो प्रश्न. मला वाटतं सरकारी निर्णयांचंही हेच आहे. निर्णय घेणारा आपल्या टेबलावरचा गुंता साफ करतो तेव्हा तो बहुतेक वेळा पुढच्या टेबलावर सरकवलेला असतो. सगळ्यात शेवटचं टेबल अर्जदाराचं.

तुमचं काय मत?

---

गणितघोडा

धागा आवडला. रस्त्याचा विषय काढलात म्हणून राहवत नाही. 'रस्ता वाढवला की गर्दी वाढते' हे आता सगळेच म्हणतात. त्याहून विचित्र गोष्ट अशी, की एकही नवी गाडी रस्त्यावर न येता, केवळ एक नवा रस्ता उघडल्यामुळे प्रत्येकाचा प्रवास लांबू शकतो. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने हे १९६८ मध्ये सिद्ध केलं. पेन घ्या.

४००० गाड्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालल्यात. वाटा दोन. वरच्या वाटेवर आधी अरुंद पूल, मग मोकळा हमरस्ता. खालच्या वाटेवर उलट, आधी हमरस्ता, मग पूल. हमरस्त्याला कितीही गाड्या असोत, ४५ मिनिटं लागतात. पुलाला गाड्यांच्या संख्येला १०० ने भागून येतील तेवढी मिनिटं. लोक आपसूक २०००-२००० असे वाटले जातात. पूल २० मिनिटं, हमरस्ता ४५, एकूण ६५.

आता कुणीतरी लोकांची सोय म्हणून दोन्ही वाटांना मधोमध जोडणारा एक छोटा रस्ता बांधतो. इतका वेगवान, की त्याला वेळ शून्य धरा. प्रत्येकाच्या मनात येतं, ४५ मिनिटांच्या हमरस्त्यावर कशाला जा, पहिला पूल, मधला रस्ता, दुसरा पूल असं जाऊ. सगळेच तसं करतात. आता दोन्ही पुलांवर ४००० गाड्या, म्हणजे ४० अधिक ४०, एकूण ८०. आणि कुणी एकट्याने जुन्या वाटेने जायचं ठरवलं तर त्याला ८५ लागतात, म्हणून कुणी परत फिरत नाही. सगळे अक्कलहुशारीने वागले आणि सगळ्यांची १५ मिनिटं गेली.

आता उलट बाजू, रस्ता काढून टाकल्याची. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये २००३ साली शहराच्या मधून जाणारा चंग्येचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडायला घेतला, २००५ मध्ये तिथे ओढा खुला केला. वाहतूक कोलमडणार असं भाकीत होतं. कोलमडली नाही. (आता कृपया 'मग सगळेच पूल पाडा' असा प्रतिसाद नको.)

---

टोचणी

सगळेच पूल पाडा.

---

खिडकी क्र. ४

बोरू, तुमच्या काचेच्या पलीकडे मी बसते. तुमच्याच कार्यालयात असेन असं नाही, पण असल्याच एका खिडकीवर अकरा वर्षं झाली. आमच्या अर्जातही तो रकाना आहे, आणि गंमत म्हणजे आमच्याकडेही तो सतरावाच आहे. कशासाठी आहे ते मलाही ठाऊक नाही. माझ्या आधी या खिडकीवर बसणाऱ्यांनाही नव्हतं. विचारून बघते.

पण 'अपूर्ण' शेरा का पडतो ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्हाला त्यात मजा येते. मी चुकीचा अर्ज मंजूर केला, तर दोन वर्षांनी ऑडिटवाले येऊन आक्षेप काढतात. तेव्हा खुलासा माझा, वसुली माझ्या नावावर निघू शकते. मी योग्य अर्ज परत पाठवला, तर कुणीच काही विचारत नाही. अर्जदार दोन फेऱ्या मारतो, त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नसते. दोन्ही चुकाच. एकीची किंमत मला मोजावी लागते, दुसरीची तुम्हाला. शंका आली की माझा हात कुठे जाणार?

तुमचा मुद्दा म्हणून पटला. फक्त एक दुरुस्ती: वरून गुंता सरकतो तो थेट तुमच्याकडे येत नाही, आधी माझ्याकडे येतो. एका परिपत्रकाने 'गरजेनुसार पुरावे मागवावेत' म्हटलं की धोरण लिहिणारा सुटला. 'गरज' म्हणजे काय ते मी ठरवायचं, तेही रांगेत चाळीस माणसं उभी असताना. मग मी काय करणार, सगळ्यांकडून सगळेच पुरावे मागते.

---

सांजवात

खिडकीताई, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे.

बोरूंशी मात्र असहमत. 'नियम कमी करा, सोपे करा' हे ऐकायला गोड लागतं. १९५६ मध्ये रॉस अ‍ॅश्बी यांनी नियंत्रणशास्त्रातला एक नियम मांडला. सोप्या भाषेत: ज्याच्यावर ताबा ठेवायचाय त्याच्यात जितकी विविधता, तितकी विविधता ताबा ठेवणाऱ्यातही हवी. समोर शंभर तऱ्हा असतील आणि तुमच्याकडे उत्तरं तीनच असतील, तर सत्त्याण्णव जणांवर अन्याय होणार.

सोप्या नियमाचं उदाहरण हवं? ब्रिटनमधला पोल टॅक्स. घराच्या अंदाजित भाड्यावरची जुनी पट्टी काढून टाकली आणि माणशी कर लावला. स्कॉटलंडमध्ये १९८९ साली, इंग्लंड-वेल्समध्ये १९९० साली. काही सवलती सोडल्या तर एका भागातल्या प्रत्येक प्रौढाला सारखीच रक्कम, मग तो हवेलीत राहणारा असो की भाड्याच्या एका खोलीत. याहून सोपा कर शोधून सापडायचा नाही. लोकांनी तो भरायलाच नकार दिला, ३१ मार्च १९९० ला लंडनमध्ये दंगल झाली, नोव्हेंबरमध्ये थॅचरबाईंचं पंतप्रधानपद गेलं (त्याला युरोपचं कारणही होतं, पण हेही होतंच), आणि १९९३ मध्ये पुन्हा घराशी जोडलेला कर आला.

लोकांच्या परिस्थितीत फरक आहेत म्हणून नियमांत फरक आहेत. बावीस रकान्यांपैकी निदान पंधरा तरी कुणाच्या तरी हिताचे असतील.

---

बोरू

सांजवात, उदाहरण चोख आहे, पण ते माझ्याच बाजूला पडतं असं मला वाटतं. पोल टॅक्स सोपा होता तो कागदावर. घर जागचं हलत नाही, माणूस हलतो. प्रत्येक नगरपालिकेला एकाएकी कोण प्रौढ कुठे राहतो याची नोंद ठेवणं भाग पडलं, भाडेकरू बदलले की पुन्हा शोधाशोध. नियमातला गुंता काढला तो वसुलीखात्याच्या डोक्यावर गेला, आणि ज्याची ऐपत नव्हती त्याच्या घरखर्चात गेला.

नियम कमी करा असं मी म्हणालो नव्हतो. गुंता कुणी सोसायचा ते उघडपणे ठरवा, एवढंच म्हणणं आहे. बावीस रकाने असू देत की. त्यातले अठरा सरकारकडे आधीच असलेल्या माहितीवरून सरकारनेच भरून द्यावेत. एस्टोनियाने २००१ पासून एक्स-रोड नावाची यंत्रणा उभी केली ती याच कल्पनेवर. खात्यांचे संगणक एकमेकांना माहिती विचारतात, आणि एकदा दिलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही हे तत्त्व. तिथलं सरकार आतून काही सोपं नाहीये. गुंता त्यांनी काचेच्या आत ठेवलाय.

---

कंट्रोलरूम

मी सहसा लिहीत नाही, पण खिडकीताईंच्या 'नोंद होत नाही' या वाक्याने लिहितोय. माझा व्यवसाय औद्योगिक नियंत्रणाचा. आमच्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला एक दिवा शिकवला जातो.

२८ मार्च १९७९, पहाटेचे चार. अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र, दुसरी अणुभट्टी. पाणीपुरवठ्यात बिघाड झाला, भट्टी आपोआप बंद पडली, दाब वाढला म्हणून सुटका करणारी झडप उघडली. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर झडप मिटायला हवी होती. ती अडकली आणि उघडीच राहिली. थंडावा देणारं पाणी त्यातून निघून जात होतं.

नियंत्रणकक्षात त्या झडपेचा दिवा होता, आणि तो विझलेला होता. ऑपरेटरने काय समजावं? झडप बंद. पण त्या दिव्याचा झडपेशी संबंधच नव्हता. झडपेला 'मिट' असा विजेचा हुकूम गेला की दिवा विझायचा. ती खरोखर मिटली का हे सांगणारं काहीच लावलेलं नव्हतं. त्याच वेळी शंभराहून जास्त धोक्याच्या घंटा आणि दिवे एकदम सुरू. कुठली घंटा महत्त्वाची ते कळेना. टाकीतल्या पातळीचं मापक पाणी भरपूर आहे असं दाखवत होतं, म्हणून त्यांनी आपत्कालीन पंपांचं पाणी उलट कमी केलं. सव्वादोन तासांहून जास्त वेळ हे चाललं. शेवटी नव्याने आलेल्या एका माणसाने ताज्या नजरेने पाहिलं आणि मागची दुसरी झडप बंद केली. तोवर उशीर झाला होता, गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला.

चार्ल्स पेरो या समाजशास्त्रज्ञाने पुढे १९८४ मध्ये यावरून मांडणी केली, की जिथे भाग एकमेकांत गुंतलेले आणि घट्ट बांधलेले असतात तिथे असे अपघात कुणाच्या निष्काळजीपणाविनाही होत राहणार. सुरक्षेसाठी आणखी एक यंत्र बसवलंत तर बिघडायला आणखी एक जागा होते.

माझा मुद्दा दिव्याचा आहे. वरिष्ठांच्या बैठकीत जे अहवाल जातात, 'इतकी परिपत्रकं काढली, इतके अर्ज निकाली', ते सगळे हुकूम गेल्याचे दिवे आहेत. 'निकाली' मध्ये बोरूंचा 'अपूर्ण' म्हणून परत गेलेला अर्जही मोजला असेल. बरोबर ना ताई?

---

खिडकी क्र. ४

मोजला जातो. 'निपटारा' या सदरात.

---

अर्धविराम

कंट्रोलरूम, दंडवत.

मी सरकारी कामांची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांपैकी. सांजवात यांनी अ‍ॅश्बीचं नाव काढलं म्हणून ऑस्ट्रेलियातलं 'रोबोडेट' (यंत्राने काढलेली थकबाकी) प्रकरण सांगतो. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ते पाठ करायला हवं.

तिथे बेरोजगार भत्ता पंधरवड्याच्या हिशेबाने मिळतो. त्या पंधरवड्यात किती कमावलं ते सांगायचं, त्यावर भत्ता ठरतो. करखात्याकडे मात्र उत्पन्न वर्षाचं असतं. दोन्ही जुळत नाहीत असं दिसलं की पूर्वी एक कर्मचारी मालकाला विचारायचा, पगारपत्रकं मागवायचा, आणि मग ठरवायचा. वेळखाऊ काम. २०१५-१६ पासून ते यंत्रावर टाकलं. यंत्र काय करायचं? वर्षाच्या उत्पन्नाला २६ ने भागायचं.

आकडे मी माझे घेतो. समजा कुणी पहिले १३ पंधरवडे काम केलं, दर वेळी २००० मिळाले, भत्ता घेतला नाही. मग काम सुटलं. पुढचे १३ पंधरवडे उत्पन्न शून्य, भत्ता घेतला. एकदम सचोटीचा माणूस. वर्षाचं उत्पन्न २६,०००. भागिले २६, म्हणजे दर पंधरवड्याला १०००. यंत्र म्हणतं, भत्ता घेतलास तेव्हा तू १००० कमवत होतास आणि शून्य सांगितलंस. तेरा वेळा खोटं बोललास, पैसे परत कर. आणि मुळात खोटेपण सिद्ध करायची जबाबदारी यंत्रावर नाही. खरेपण सिद्ध करायची त्याच्यावर. कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आण म्हणे. ज्या दुकानात काम केलं ते बंद पडलेलं.

बोरू म्हणतात तो सरकलेला गुंता तो हाच. कर्मचाऱ्याचा अर्ध्या दिवसाचा तपास वाचला आणि तो चार लाखांहून जास्त लोकांच्या घरी जाऊन पडला. २०१९ मध्ये सरकारला कोर्टात मान्य करावं लागलं की या सरासरीला कायद्याचा आधार नव्हता. २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, तो अतिशय कडक आहे.

आणि वीव्हरचा दुसरा ढीग आठवा. माणसांना वायूचे रेणू समजून सरासरी काढली की काय होतं, ते इथे दिसतं.

नेदरलँड्समध्ये याच्या उलट्या टोकाने तेच झालं. पाळणाघराच्या अनुदानात किरकोळ चूक, एखादी सही राहिली, स्वतःच्या वाट्याचे थोडे पैसे भरायचे राहिले, की अख्ख्या वर्षाचं अनुदान परत मागायचे. मधली पायरीच नव्हती. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका. जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून सगळं मंत्रिमंडळ पायउतार झालं.

---

वाचनमात्र

सगळं वाचलं. मग करायचं काय? सरकारने निर्णयच घ्यायचे नाहीत का?

---

टोचणी

वरची मंडळी फार भली आहेत. गुंता 'होतो' म्हणतात. काही गुंता मुद्दाम राखला जातो, कारण त्यावर कुणाचं तरी पोट असतं. अमेरिकेत करखात्याने लोकांचे कर-अर्ज स्वतःच मोफत भरून द्यावेत अशी कल्पना जुनी आहे. २००२ साली करखात्याने कर-सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघाशी करार केला: कंपन्या काही लोकांना मोफत सेवा देतील, आणि त्या बदल्यात सरकार स्वतःची यंत्रणा काढणार नाही. सरकारने लेखी दिलं की आम्ही सोपं करणार नाही! किचकटपणा हटवायचा म्हटलं की आधी बघा, तो गेला तर कुणाचं दुकान बसतं.

---

बोरू

टोचणी, या वेळी पूर्ण सहमत. तारीख लिहून ठेवतो.

वाचनमात्र, तुमचा प्रश्न रास्त आहे. हर्बर्ट सायमन (१९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल) यांचं म्हणणं, की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधतच नाही, शोधूच शकत नाही. पुरेसा बरा सापडला की थांबतो. मला हे कळल्यावर सरकारांबद्दलचा माझा राग निम्मा झाला. चार्ल्स लिंडब्लोम या राज्यशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये पुढचं लिहिलं: सरकारं प्रत्यक्षात चाचपडतच पुढे जातात, आणि ते लाजिरवाणं नाही. छोटं पाऊल टाका, काय होतं बघा, चुकलं तर मागे या.

स्टॉकहोमचं उदाहरण मला फार आवडतं. शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावायचं होतं. लोक विरोधात. वर्षानुवर्षं वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असा सात महिन्यांचा प्रयोग केला आणि मग शुल्क बंद केलं. वेशीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली होती. शुल्क थांबल्यावर गर्दी पुन्हा वाढली, तीही लोकांनी पाहिली. सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतलं, शहराने हो म्हटलं, ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम. आधी विरोध करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी मत बदललं. युक्तिवादाने ते बदलले नसते. सात महिने रोज त्या रस्त्याने गेले म्हणून बदलले.

---

गणितघोडा

त्याच स्वीडनचं दुसरं उदाहरण घ्या, म्हणजे छोट्या पावलांची मर्यादा कळेल.

तिथे पूर्वी गाड्या डावीकडून चालायच्या. शेजारी देश उजवीकडून. १९५५ च्या सार्वमतात ८३ टक्के लोकांनी बदलाला नकार दिला. तरीही संसदेने पुढे बदल ठरवला. आता इथे चाचपडत कसं जाणार? पहिल्या महिन्यात फक्त ट्रक उजवीकडून?

रविवार, ३ सप्टेंबर १९६७. रात्री एकपासून अत्यावश्यक सोडून सगळ्या गाड्या बंद. ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावर जी काही वाहनं होती ती थांबली, सावकाश उजव्या बाजूला गेली, आणि तिथेच उभी राहिली. पाचच्या ठोक्याला निघाली. त्यामागे कित्येक वर्षांची तयारी होती: पाट्या, दिवे, चौक, उजवीकडे दारं असलेल्या बस. गुंता सगळा आधीच्या वर्षांत भोगला आणि लोकांच्या वाट्याला दहा मिनिटं ठेवली.

काही निर्णयांना अर्धं नसतं. तेव्हा पाऊल छोटं की मोठं याआधी विचारायचं ते हे, की मागे येता येईल का. येत असेल तर तासभर चर्चा पुरे. येत नसेल तर पाच वर्षंही कमी. आपल्याकडे बैठकांमध्ये बरोबर उलटं होतं. आमच्या इमारतीच्या सभेत नवी लिफ्ट चार मिनिटांत मंजूर झाली, कारण लिफ्टमधलं कुणालाच कळत नव्हतं. जिन्याच्या रंगावर दीड तास.

---

सांजवात

समाज म्हणून आपण निर्णय कसे घेतो हे राहूनच गेलंय.

२३ जून २०१६. ब्रिटनने लोकांना विचारलं, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. ५१.९ टक्के बाहेर, ४८.१ टक्के आत. 'बाहेर' म्हणजे काय? एकल बाजारपेठेच्या बाहेर? सीमाशुल्क संघाच्या? आयर्लंडच्या बेटावरची सीमा कुठे येणार? यातलं काहीच मतपत्रिकेवर नव्हतं. राहण्याचा अर्थ एकच होता, पडण्याचे अर्थ दहा होते, आणि त्या दहांची बेरीज एका खुणेत केली. पुढची साडेतीन वर्षं संसद त्या दहांत अडकून बसली. माझं म्हणणं लोक अडाणी होते असं अजिबात नाही. प्रश्नच असा विचारला की शहाण्यालाही शहाणं उत्तर देता येऊ नये.

शेजारच्या आयर्लंडमध्ये गर्भपातावरची घटनेतली बंदी उठवायची का, हा प्रश्न होता. याहून तापलेला विषय त्या देशात नव्हता. २०१६ मध्ये त्यांनी ९९ सामान्य नागरिक निवडले, वय, लिंग, प्रदेश, वर्ग असं देशाशी जुळेल अशा बेताने, आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. पाच शनिवार-रविवार ते बसले. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना, प्रत्यक्ष अनुभवातून गेलेल्या बायका, सगळ्यांना ऐकलं. शिफारशी केल्या, त्या संसदेच्या समितीत गेल्या, कायद्याचा आराखडा लोकांसमोर ठेवला, आणि मग मे २०१८ मध्ये सार्वमत. ६६.४ टक्क्यांनी बदल मान्य झाला. या वेळी 'हो' म्हटलं तर पुढे काय होणार हे लोकांना वाचायला मिळालं होतं.

तेव्हा बोरू, तुमचं वाक्य मी थोडं वाकवते. गुंता सामान्य माणसावर टाकायलाही हरकत नाही. पण त्याला बसायला खुर्ची, वेळ आणि माहिती द्या. खिडकीसमोर रांगेत उभं करून टाकू नका.

---

बोरू

हे आवडलं. मूळ धाग्यात हा अपवाद मी धरला नव्हता, मान्य.

---

खिडकी क्र. ४

सतराव्या रकान्याचा शोध लागला. आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका साहेबांना फोन केला होता. ते हसतच सुटले.

फार पूर्वी आमच्या कार्यालयात या भत्त्याच्या दोन वह्या होत्या, दोन वेगळ्या खोल्यांत. एकाच माणसाचं नाव दोन्हींत चढू नये म्हणून दुसऱ्या वहीचा क्रमांक विचारायचे. चांगलं कारण होतं. मग वह्या एक झाल्या, नंतर सगळं संगणकावर गेलं. संगणकाचा फॉर्म जुन्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला, तेव्हा रकानाही उतरला. उतरवणाऱ्याने 'असल्यास' हा शब्द तसाच ठेवला आणि रकाना मात्र सक्तीचा केला.

मी वर लेखी कळवलं, हा काढा म्हणून. उत्तर आलं की फॉर्ममध्ये बदल करायचा तर समितीची मान्यता लागते. समितीची बैठक कधी, ते कळवलेलं नाही.

---

अर्धविराम

आमच्या बाजूने सांगतो, तो एक शब्द बदलायला पाच मिनिटं लागतात. आणि ती पाच मिनिटं मिळवायला सात सह्या.

---

वाचनमात्र

ताई, तोवर आम्ही त्या रकान्यात लिहायचं काय?

---

खिडकी क्र. ४

'लागू नाही' असं लिहा, पूर्ण अक्षरांत. रेघ मारली तर संगणक घेत नाही.

---

बोरू

आज तसं लिहून दिला. घेतला.